टॉवेलात गुंडाळलेले कपडे

लेकीकडे जाऊन आराम कर, असं निघताना मला सगळ्यांनी बजावलं होतं. आराम सांगणाऱ्याला सोपा वाटतो. सकाळी लेक आणि जावई कामावर गेले की संध्याकाळपर्यंत त्या घरात मी आणि चार भिंती. भांडी मशीन घासणार, केर मशीन काढणार, टीव्हीवरची माणसं कशावरून भांडतात ते कळणार नाही. खिडकीत उभं राहावं तर समोरच्या इमारतीतली बाई पडदा ओढून घ्यायची. तिला वाटायचं मी तिच्याकडे टक लावून बघते. बघतच होते म्हणा, पण बघण्यासारखं दुसरं होतं काय?

हे गेल्यापासून एकटं राहायची मला सवय झाली होती. पण आमच्याकडे माणूस एकटं असलं तरी दिवसभरात दारावर कुणी ना कुणी येतं. काहीतरी मागायला म्हणून शेजारीण येते आणि तासभर बसते. इथे लेकीला त्या इमारतीत राहून काही वर्षं झाली होती, तरी शेजारच्या घरात किती माणसं आहेत हे तिला सांगता येत नव्हतं.

"चांगली माणसं आहेत," ती म्हणायची.

"कशावरून?"

"कधी काही त्रास नाही."

त्रास नाही म्हणजे माणूस चांगलं. हे गणित माझ्या काही पचनी पडलं नाही.

त्या इमारतीत घरात कपड्यांचं मशीन ठेवायला परवानगी नव्हती. तळघरात सगळ्यांसाठी एक खोली होती. धुवायची मशीन, सुकवायची मशीन, मध्ये एक लांब टेबल, आणि एक छोटी खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. लेक रविवारी कपडे धुवायची. मी म्हटलं, एवढं तरी काम माझ्याकडे दे. तिनं एकदा खाली नेऊन दाखवलं, पण ती घाईत आणि मशीनवर ही एवढी बटणं. माझं डोकंच चालेना. शेवटी मला ते शिकवलं सफाईवालीनं.

जिने आणि तळघर साफ करायला रोज सकाळी एक बाई यायची. माझ्यापेक्षा बरीच लहान, अंगानं बारकी, पायात रबरी बूट. तीही परदेशातलीच, पण आमच्या देशातली नव्हे, भलत्याच दिशेच्या एका देशातली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती, आणि इथली भाषा तिला कामापुरती, मला तेवढीही नाही. तिनं माझं बोट धरून एकेका बटणावर ठेवलं. हे गरम पाण्याचं, हे गारचं, हे सुरू. मी चुकले की ती वैतागायची नाही, बोट उचलून पुन्हा नीट जागी ठेवायची. माझ्या लेकीला हा धीर कधी येणार कोण जाणे.

आता माझं सांगायचं तर मी उभा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या कपड्यांच्या विभागात काढला. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, रोग्यांचे सदरे. धुऊन आलेलं सगळं तपासायचं, घडी घालून कपाटात लावायचं आणि वॉर्डात पाठवायचं. ओला कपडा तसाच बोळा करून ठेवला की त्याला कुबट वास मारतो, आणि तो वास एकदा बसला की पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हणून त्या दुपारी खाली गेले आणि एक मशीन धुऊन थांबलेलं, आत कपडे तसेच, असं पाहिलं तेव्हा माझ्या जिवाला चैन पडेना. आमचे कपडे लावले, घरी गेले, ते काढायला पुन्हा आले, तरी ते ओले कपडे तिथेच. मशीनवर टोपली होती, टोपलीवर घराचा नंबर. काचेतून एक पांढरा गणवेश दिसत होता, खिशावर निळी पट्टी असलेला. नर्स आहे, मी ओळखलं. रात्रपाळी करून आली असणार, मशीन लावलं असणार, आणि जरा पाठ टेकते म्हणून आडवी झाली ती झोपली असणार. रात्रपाळीच्या पोरी मी काय कमी पाहिल्यात? घोटभर चहा हातात धरून उभ्या उभ्या डुलक्या घ्यायच्या.

मी ते कपडे काढले, सुकवले, टेबलावर घड्या घातल्या. तिचे आतले कपडे तेवढे टॉवेलात ठेवून टॉवेल गुंडाळला, म्हणजे वाटेत कुणाच्या नजरेला पडायला नकोत. बायकांच्या वॉर्डचं आम्ही असंच करायचो, आणि घरीही मी लेकीच्या लहानपणापासून तसंच करत आले. टोपली लिफ्टनं वर नेली आणि तिच्या दाराशी ठेवली. घंटी वाजवली नाही. दमून झोपलेल्या पोरीला उठवायचं कशाला?

त्या संध्याकाळी जावई म्हणाले, "आई, आज खुशीत दिसताय." मी काही बोलले नाही. कुणाचं एवढंसं काम केलं तर त्याचा डांगोरा पिटणाऱ्यांतली मी नव्हे.

मग मला चटकच लागली. नर्सचे कपडे तर झालेच, पण इतरांचेही दिसले की माझे हात शिवशिवायचे. एका गृहस्थांचे पट्ट्यापट्ट्यांचे मोजे असायचे. त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, पण मोज्यांवरून त्यांना मी मोजेवाले म्हणायचे. एकटे राहत असावेत, कारण एकाही मोज्याची जोडी धड लागत नसे. मी सगळ्या मशीनांत हात घालून त्यांचे हरवलेले मोजे शोधून काढले, जोड्या लावल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या. मनातल्या मनात मी त्या इमारतीतली अर्धी माणसं ओळखायला लागले होते. आता कधी जिन्यात भेट झाली की ओळख निघेल, असं मला वाटायचं.

एकदा नर्सची मोठी चादर निघाली. चादरीची घडी एकट्या माणसाला धड घालता येत नाही, खाली लागते. सफाईवाली फरशी पुसत होती. तिनं फडकं बादलीत टाकलं, हात कोरडे केले आणि न सांगता दुसरं टोक धरलं. आम्ही चादर ताणली, झटकली, जवळ येऊन टोकं जुळवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याबरोबर काम करत होतं. पुढची घडी तिच्या हातात देऊन मी सुकवायच्या मशीनमध्ये डोकं घातलं, अभ्रे राहिले होते ते काढायला. तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला. वाकल्या वाकल्या टेबलाखालून मागे पाहिलं तर उंबऱ्यावर दोन पाय, पायांत पट्ट्यांचे मोजे. मला हसूच आलं. मी सरळ होईपर्यंत दार लागलंही होतं.

पुढच्या आठवड्यात इमारतीतल्या लोकांची बैठक झाली. लेक जाऊन आली ती पांढरीफटक पडून. चपला काढता काढताच म्हणाली, "आई, आता तू खाली जात जाऊ नकोस. मशीन बिघडलंय."

"सगळीच?"

"सगळीच."

मी विश्वास ठेवला. पोटची पोर आपल्याशी खोटं बोलेल, असं कुठल्या आईच्या मनात येतं?

दुसऱ्या दिवशी जिन्यात सफाईवाली भेटली. मी नेहमीसारखी हसले. ती बादली खाली ठेवून थांबली, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं मशीनबद्दल विचारायचं असेल. मी हातवारे करून मशीन बिघडलंय असं सांगितलं आणि वर आणखी एकदा हसले. तिनं बादली उचलली आणि ती उतरून गेली. माझं ते हसणं आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

त्यानंतर ती आलीच नाही. तिच्या जागी एक तरुण पोरगा यायला लागला, कानात गाणी घालून भिजवायचा तेवढा जिना भिजवून जायचा. लेकीला विचारलं तर म्हणाली, सुट्टीवर असेल. ते म्हणताना ती फोनकडे बघत होती. म्हणून शनिवारी ती बाजारात गेल्यावर मी जावयाला धरलं. जावई माझा गुणी आहे, पण त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे मी लग्नाच्या बोलणीतच ओळखलं होतं.

"जावईबापू, ती सफाईवाली कुठे गेली हो?"

"तिला काढलं ना, त्या कपड्यांच्या प्रकरणात," ते म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"कसलं प्रकरण?"

आधी त्यांनी थोडी सारवासारव केली. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि हळूहळू सांगू लागले. ती नर्स एकटी राहते. आधीच्या गावात एक माणूस तिच्या मागे लागला होता. दाराशी वस्तू ठेवून जायचा. कधी फुलं, कधी चिठ्ठी. त्याला कंटाळून ती नोकरी सोडून इथे आली. आणि एक दिवस झोपेतून उठून दार उघडते तर समोर कपडे, घड्या घातलेले. टॉवेल उलगडला तर आत... जावई थांबले. सासूसमोर पुढचं त्यांना बोलवेना.

"आत काय होतं ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "मीच ठेवलं होतं."

"हो आई," ते म्हणाले. "ते आम्हालाही माहीत आहे."

मी पुढे सरकून बसले.

"इथे दुसऱ्याच्या कपड्याला हात लावत नाहीत?"

"मशीन अडून राहिलं तर फार तर काढून वर ठेवतात. तेही नाइलाजानं. पण सुकवून, घडी घालून, आतले कपडे असे गुंडाळून... तिला वाटलं तो माणूस इथेही आला. तिनं कुलूप बदललं. मशीन कसंबसं लावून यायची, पण कपडे काढायला एकटीनं पुन्हा तळघरात उतरायची तिला हिंमत व्हायची नाही. काही दिवस मैत्रिणीकडे जाऊन राहिली. झोपेच्या गोळ्या घ्यायला लागली म्हणे."

मी माझ्या हातांकडे पाहत बसले. ज्या कामानं मला इतके दिवस बरं वाटत होतं, त्याच कामानं वरच्या मजल्यावर एका पोरीची झोप उडाली होती. मी तिच्या दाराशी टोपली ठेवून चोरपावलांनी परत यायचे, तिला जाग येऊ नये म्हणून. आणि ती आत दाराला खुर्ची लावून बसत असेल. लाज वाटली असं म्हणणं कमीच पडेल. मला ते हात कुठेतरी लपवावेसे वाटले. मी ते पदराखाली घेतले आणि तसेच धरून बसले.

लेक आली. आमची तोंडं पाहूनच ती समजली. हातातल्या पिशव्या तिनं दारातच ठेवल्या.

"बैठकीत काय झालं?" मी विचारलं.

"व्यवस्थापकांनी विचारलं, दिवसा खाली कोण कोण जातं."

"तू काय सांगितलंस?"

"आमच्याकडे कपडे मीच धुते म्हटलं. रविवारी."

"आणि मी?"

"तुझं नावच काढलं नाही."

टॉवेल असा गुंडाळलेला होता, असं नर्सनं बैठकीत हातानं करून दाखवलं तेव्हाच लेकीला कळलं होतं. जन्मभर तिनं ती घडी पाहिली होती. ती बोलायच्या बेतात होती, निदान ती तसं म्हणाली. पण तेवढ्यात मोजेवाले उठून म्हणाले की नर्सच्या घराचा नंबर असलेली टोपली टेबलावर आणि तिची चादर सफाईवालीच्या हातात, हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे. आणि सगळ्या खोलीनं सुटकेचा श्वास टाकला. आपल्यातलं कुणी नव्हतं ना, मग झालं.

"ती चादर मी तिला धरायला दिली होती," मी म्हटलं.

"मला काय माहीत?"

"आणि माहीत असतं तर?"

तिनं दारातल्या पिशव्या उचलून आत आणल्या. मग एकदम उसळून म्हणाली, "तुझं काय जातंय, आई? तू तीन महिन्यांनी परत जाशील. मला इथे राहायचंय. इथे आपल्यातल्या एकाचं चुकलं की ते सगळ्यांच्या नावावर जातं. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून..."

"काय करतील?"

"काही करणार नाहीत. आहेत त्याहून जास्त गप्प होतील."

मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. त्या चांगल्या, त्रास नसलेल्या माणसांत राहायचं म्हणजे तिला काय काय सांभाळावं लागत होतं, याचा मी कधी विचार केला नव्हता.

"आणि तिनं कबूल केलं, आई," लेक हळू आवाजात म्हणाली. "व्यवस्थापकांनी तिला बोलावून विचारलं तर तिनं मान खाली घालून माफी मागितली. मग मी मध्ये कशाला पडू?"

यावर जावई खिडकीकडे बघायला लागले. मी म्हटलं, "काय हो?"

"तिचं कबूल करणं तसं नव्हतं, आई," ते म्हणाले. "आमच्या कचेरीत त्या देशातला एकजण आहे. साहेब चिडले की तो आधी माफी मागतो. चूक कुणाची, हा प्रश्न नंतरचा. मोठं माणूस रागावलंय म्हणजे त्याला शांत करणं हे धाकट्याचं काम, अशी त्यांच्याकडची रीत. लिफ्ट बंद पडली तरी तो माफी मागतो. आणि समोरचा माफ केलं म्हणत नाही तोवर मान वर करत नाही. पहिल्यांदा आमच्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं, तो बिचारा जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसाच उभा."

"आणि इथे?"

"इथे माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल केला. कागदावर तसंच लिहितात."

"हे तुम्हाला त्या दिवशीच सुचलं होतं?"

जावयांनी उत्तर दिलं नाही. माणूस खोटं बोलणारा नाही, म्हणून गप्प बसला. तिघंही आम्ही आपापल्या जागी कानकोंडी होऊन बसलो. एक तो देश, जिथे न केलेल्या चुकीची माफी मागतात. एक हा, जिथे मागितली की संपलं. आणि एक आमचं घर, जिथे आपल्या माणसाची माफी कुणी कधी मागितलीच नाही. मी यांच्याशी संसार केला तो माफीचा शब्द न काढता. लेकीशी कडाक्याचं भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी तिची वेणी जरा मायेनं घालायची, की मिटलं. ती तरी दुसरं काय शिकणार होती?

"सोमवारी रजा टाक," मी म्हटलं. "व्यवस्थापकांकडे जायचं. मी बोलणार आणि तू सांगणार."

"मी पत्र लिहून देते ना."

"पत्र नको. माझ्या तोंडातलं तुझ्या तोंडातून आलं पाहिजे."

व्यवस्थापकाची खोली तळमजल्यावर, कुंडीतल्या रोपांनी भरलेली. माणूस सभ्य होता, त्यानं मला आधी बसायला खुर्ची दिली. मी सांगायला लागले. कपडे मी काढले, मी सुकवले, मी ठेवले. ती बाई फक्त मला चादर धरू लागली. लेक एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होती. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की त्यांना दोनदा कानामागे हात न्यावा लागला. मला ती भाषा येत नाही, पण तिनं काही गाळलं नाही हे मला कळत होतं. माझ्या वाक्याला जेवढा वेळ लागे तेवढाच तिच्या वाक्याला लागत होता, आणि दरवेळी तिचे कान अधिक लाल होत होते.

ऐकून झाल्यावर त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग त्यांनी फोन केला आणि नर्सला खाली बोलावून घेतलं. ती आली, अंगात तोच पांढरा गणवेश. तो कपडा मी इतक्या वेळा हातात घेतला होता, पण त्यातली मुलगी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या लेकीहून लहान. डोळ्यांखाली काळं. लेकीनं तिला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, एका म्हातारीकडे, लुगड्यावर लेकीचा ढगळ स्वेटर चढवलेल्या. मग तिनं एकच प्रश्न विचारला.

"ती म्हणते, घंटी का वाजवली नाही?"

"तिची झोपमोड होऊ नये म्हणून," मी म्हटलं.

लेकीनं ते सांगितलं. नर्स हसलीही नाही आणि चिडलीही नाही. ती काहीतरी म्हणाली आणि उठली.

"ती म्हणते, तिला महिनाभर झोप लागलेली नाही."

मी उठून उभी राहिले. माझं चुकलं, मी म्हटलं, बाळा, माझं फार चुकलं. हे शब्द मी जन्मात कुणाला म्हटले नव्हते, आणि म्हटले ते एका परक्या पोरीला. तिनं मान हलवली आणि ती गेली. तिनं मला माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. तिनं ते सांगावं असं माझं म्हणणंही नव्हतं.

व्यवस्थापकानं मग लेकीला काहीतरी विचारलं. लेकीनं ते मला सांगितलं नाही.

"काय म्हणतात?"

"तुझ्यासाठी नाही, आई. माझ्यासाठी आहे."

"काय ते?"

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं, असं विचारतायत."

लेकीनं टेबलाच्या कडेला बोटं घट्ट धरली आणि उत्तर दिलं. ते उत्तर लहान होतं. व्यवस्थापकाचा चेहरा तसाच सभ्य राहिला, फक्त त्यांनी तिच्याकडे बघणं थांबवलं आणि पुढचं सगळं ते कागदांकडे बघून बोलले. सफाईच्या कंपनीला ते कळवतील. त्या बाईची इच्छा असेल तर तिला परत घेतील. पत्रानं कळवण्यात येईल.

"पत्र कशाला? आपण जाऊन सांगू," मी लेकीला म्हटलं.

"आई, इथे न विचारता कुणाच्या दारात जात नाहीत."

इतकं होऊनही मी पुन्हा कुणाच्या तरी दाराशी जायला निघाले होते. "मग विचार," मी म्हटलं. "आलो तर चालेल का, असं त्यांना तिला फोनवर विचारायला सांग."

त्यांनी विचारलं. ती लगेच हो म्हणाली. तिला नाही म्हणता येत नसेल, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं, पण तोवर बस निघाली होती.

तिच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. माझे गुडघे मजल्यामजल्यावर थांबवत होते. लेक माझा दंड धरून चढत होती आणि काय काय बोलायचं त्याची मनात उजळणी करत होती, ओठ हलत होते. आधी मी माझं सांगणार होते. मग ती तिचं. कुठला शब्द वापरायचा हेही तिनं जावयाच्या त्या सहकाऱ्याला विचारून ठेवलं होतं, म्हणजे बाईला तिच्याच भाषेत तेवढं तरी ऐकायला मिळावं.

लेकीनं घंटी वाजवली. दार लगेच उघडलं. ती दारामागेच उभी असावी. आज पायात रबरी बूट नव्हते, अंगात इस्त्रीचा चांगला सदरा होता, केस पाणी लावून बसवलेले. तिनं आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि आम्ही तोंड उघडायच्या आत तिनं मान खाली घातली, कमरेत वाकली आणि बोलायला लागली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"माफी मागतेय, आई."

"कशाची?"

लेकीला सांगवेना. "तिच्यामुळे तुला इतके जिने चढावे लागले, त्याची. चादर धरली, त्याची. सगळ्याचीच."

"तिला थांबव. तिला सांग, आम्ही मागायला आलोय."

लेक सांगत होती. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, पाठ केलेला तो शब्दही म्हणून पाहिला. त्यानं बाई आणखीच वाकली. तिच्या भांगातले पांढरे केस मला दिसत होते. शेजारचं एक दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं.

"ऐकतच नाहीये, आई. आपण माफ केलं असं म्हटल्याशिवाय ती वर बघणार नाही."

"मग म्हण."

"आपण तिला? आई, आपण तिला कसं माफ..."

"म्हण, बाळा. किती वेळ उभी ठेवणार आहेस तिला तशी?"

लेक रडायला लागली होती. रडता रडताच ती ते म्हणाली, इथल्या भाषेत, दोन-तीन शब्दांत. माफ केलं.

बाईनं मान वर केली. तिच्या तोंडावरचा ताण असा काही उतरला की मला तिच्याकडे बघवेना. ती हसली, मोकळं हसली, आणि दार पूर्ण उघडून बाजूला झाली. आत एका लहानशा खोलीत टेबलाभोवती तिनं तीन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. त्यातली पाठीला उशी लावलेली खुर्ची तिनं माझ्यासाठी ओढली. मी त्या खुर्चीत बसले. खरं काय ते तिला आता सांगायचं होतं.